तेवीसचं मॉडेल, चोवीसचं पासिंग

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस खुले पत्र

महोदय,


जुन्या गाड्यांच्या बाजारात, गाडी किती किलोमीटर पळाली याच्याही आधी एक प्रश्न येतो: “मॉडेल कितीचं?” विकणाऱ्याचं उत्तर तयार असतं, “चोवीसचं पासिंग आहे.” समोरचा मुरलेला असला तर तिथंच अडवतो, “पासिंग नाही विचारलं, मॉडेल विचारलं.” मग आरसी कार्ड बाहेर निघतं, चष्मा नाकावर चढतो आणि बारीक अक्षरांतली उत्पादनाच्या महिन्या-वर्षाची ओळ सापडते: ०८/२०२३. गाडीच्या रंगावर ओरखडा नसतो, सर्व्हिसची नोंद चोख असते. तरी त्या ओळीनंतर बोली खाली उतरते, आणि उतरते ती पुरत्या एका वर्षाच्या हिशेबाने.

हे पत्र त्या ओळीबद्दल आहे. ती कंपनीला ठाऊक असते, डीलरला ठाऊक असते, नोंदणीसाठीच्या नमुना २० च्या अर्जात तिच्यासाठी रकाना असतो. नवी गाडी घेणाऱ्याला मात्र ती बहुतेक वेळा कळते आरसी कार्ड घरी आल्यावर, म्हणजे पैसे भरून, गाडीला हार घालून, पेढे वाटून झाल्यावर.

कायदा गाडीचं वय नोंदणीपासून मोजतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षं चालते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये बनलेली गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदवली, तर तिची नोंदणी फेब्रुवारी २०३९ पर्यंत. स्टॉकयार्डात उन्हापावसात काढलेले सहा महिने कायद्याच्या खिजगणतीत नाहीत. कंपनीची वॉरंटीही गाडी विकली त्या दिवसापासून सुरू होते. दिल्लीत डिझेल गाडीला १० आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा घालणारा, राष्ट्रीय हरित लवादाने आखलेला आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी उचलून धरलेला दंडक घ्या; तिथेही घड्याळ पहिल्या नोंदणीपासूनच चालतं.

बाजाराचं तसं नाही. बाजाराला दोन तारखा दिसल्या की तो जुनी धरतो. विकणारा नोंदणीचं साल सांगतो, घेणारा उत्पादनाचं, आणि सौदा ज्याला दुसऱ्याची तारीख ठाऊक आहे त्याच्या बाजूने झुकतो.

उत्पादनाची तारीख लपवता येत नाही, हे खरं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२२ वा नियम चॅसिसवरच्या क्रमांकात उत्पादनाचा महिना असावा असं सांगतो. चॅसिस क्रमांक १७ अक्षरांचा. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर सालाचं असतं: ‘पी’ म्हणजे २०२३, ‘आर’ म्हणजे २०२४ (मधला क्यू गाळलेला), ‘एस’ म्हणजे २०२५, ‘टी’ म्हणजे २०२६. महिन्याचं अक्षर कुठं बसवायचं हे मात्र प्रत्येक कंपनीचं निराळं. म्हणजे माहिती पत्र्यावर ठोकलेली आहे, पण ती वाचायची किल्ली शोरूममध्ये येणाऱ्या माणसाच्या खिशात नाही.

दलालाला ही किल्लीही लागत नाही. जुन्या गाड्यांचा जाणता दलाल गाडीपाशी आला की आधी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट पूर्ण खेचतो. पट्ट्याच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवर तो पट्टा कधी बनला ते असतं. मग चारही काचांच्या कोपऱ्यातले शिक्के. मग तो वाकून टायरच्या बाजूवर अंगठा फिरवतो आणि लांबट चौकटीतले चार आकडे वाचतो: ३१२३, म्हणजे २०२३ चा एकतिसावा आठवडा. स्टेपनीसकट पाचही टायर जवळपासच्या आठवड्यांतले निघाले, तर गाडी कंपनीतून आली तशी आहे. एकाच दाराची काच इतरांपेक्षा दोन वर्षांनी तरुण निघाली, तर ते दार कशावर तरी आपटलेलं आहे. हे सगळं मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं. तोवर मालक किलोमीटर सांगत असतो आणि दलाल मान डोलावत असतो. टायर ऑगस्टचे आणि पासिंग फेब्रुवारीचं, हे गणित त्याच्या डोक्यात केव्हाच मांडून झालेलं असतं.

आता या गणितात किती पैसे आहेत ते पाहू. वाहनविम्यात गाडीची घोषित किंमत ठरवण्यासाठी घसाऱ्याचं एक जुनं, सर्वमान्य कोष्टक आहे. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. दुसऱ्या वर्षानंतर दर वर्षाची पायरी मूळ किमतीच्या १० टक्क्यांची. जुन्या गाड्यांचा बाजार हे कोष्टक जसंच्या तसं पाळत नाही. ज्या मॉडेलला मागणी आहे त्याचा भाव सावकाश उतरतो, ज्याचं उत्पादन बंद झालं त्याचा धाडकन. तरी एका वर्षाची किंमत किती, याचा अंदाज त्यातून येतो.

समजा, १० लाखांची एकच मोटार दोघांनी घेतली. एकीची नोंदणी २८ डिसेंबर २०२३ ची, दुसरीची ८ जानेवारी २०२४ ची. पहिली डिसेंबरमध्ये बनलेली, दुसरी जानेवारीत. दोघींत अंतर ११ दिवसांचं. तीन वर्षांनी दोन्ही बाजारात आल्या की पहिली ‘तेवीसची’ आणि दुसरी ‘चोवीसची’. बाजाराने एक अख्खी पायरी मोजली तर हा फरक लाखापर्यंत जातो. दर वेळी लाख कापला जातोच असं नाही, पण घासाघीस तिथून सुरू होते आणि पहिल्या गाडीचा मालक पहिल्या वाक्यापासून बचावात असतो.

उलट बाजूही तितकीच खरी. डिसेंबरमध्ये घेणाऱ्याला वर्षअखेरीची सूट मिळालेली असते. ती समजा ६० हजार. जानेवारीत बहुतेक कंपन्या दर वाढवतात. ती वाढ समजा १५ हजार. म्हणजे ७५ हजार आज हातात आले आणि तीन वर्षांनी जास्तीत जास्त लाख गेले. गाडी तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याने जानेवारीची वाट पाहावी. जो माणूस गाडी दहा-बारा वर्षं वापरतो, मुलगी शाळेत असताना घेतो आणि तिच्या लग्नानंतर काढतो, त्याने डिसेंबरची सूट डोळे मिटून घ्यावी. दहा वर्षांच्या गाडीत तेवीस की चोवीस हे कुणी फारसं विचारत नाही. तिथं इंजिनाचा आवाज, गंज आणि टायर बोलतात. तेव्हा डिसेंबरमध्ये गाडी घेणं हा मूर्खपणा, असं जे सरसकट सांगितलं जातं ते या पत्राला मान्य नाही. सूट ही घसाऱ्याची आगाऊ भरपाई असते. ती पुरेशी आहे की नाही हे ठरवायला घसारा किती ते कळलं पाहिजे, आणि त्यासाठी गाडी कोणत्या महिन्यात बनली ते.

इथं शोरूमचा एक नेहमीचा प्रकार सांगितला पाहिजे. डिसेंबरचा शेवटचा आठवडा. गाडीचे पैसे भरले गेलेत, पण घरच्यांना ती जानेवारीत, चांगला दिवस बघून न्यायची आहे. विक्रेता म्हणतो, “काही हरकत नाही, एकतीसच्या आत पासिंग करून ठेवतो, गाडी तुम्ही कधीही न्या.” ग्राहकाला ही सोय वाटते. सोय विक्रेत्याची असते. त्याचं वर्षाचं टार्गेट एकतीस तारखेला संपतं. गाडी जानेवारीत दारात येते, पण आरसीवर साल आदलं. दोन्ही तारखा जुन्या झाल्या. ज्या एका तारखेवर ग्राहकाचा ताबा होता तीही त्याने हसतमुखाने देऊन टाकली. “बिल आणि पासिंग दोन तारखेनंतर करा, नाहीतर आणखी सूट द्या,” एवढं म्हणायचं त्याला सुचलं नाही, कारण यात देण्याघेण्यासारखं काही आहे हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

सन २०१९ च्या दुरुस्तीने नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा आणि क्रमांक लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही, असं ठरलं. ग्राहकाचे हेलपाटे वाचले, एजंटांचं राज्य आटलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच वेळी नोंदणीची तारीख निवडण्याचं काम ग्राहकाच्या हातून गेलं. तो सही करतो, तीही पुष्कळदा कोऱ्या नमुना २० वर, फुलीच्या खुणा असतील तिथं. नंतर तक्रार घेऊन गेलं की डीलर तोच कागद पुढे करतो: “साहेब, उत्पादनाचा महिना इथं लिहिलाय आणि खाली तुमची सही आहे.”

गाड्या यार्डात जुन्या होतात त्याचं कारणही ठाऊक असलेलं बरं. कंपन्या महिन्याची विक्री म्हणून जो आकडा सांगतात तो डीलरला पाठवलेल्या गाड्यांचा असतो. डीलरांचा महासंघ ‘फाडा’ जो आकडा देतो तो नोंदणी झालेल्या गाड्यांचा. या दोन आकड्यांतली फट यार्डात उभी असते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती फट इतकी रुंदावली की ‘फाडा’ने जाहीरपणे ओरड केली: ८० ते ८५ दिवसांचा साठा, ७९ हजार कोटी रुपयांच्या गाड्या. तो माल कुठंतरी जायचा होताच. त्यातला काही दिवाळीत गेला, काही डिसेंबरच्या सवलतीत, आणि उरलेला जानेवारीनंतर ‘नवी गाडी’ म्हणून. चाकणच्या किंवा रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली गाडी त्याच दिवशी पुण्याच्या शोरूमला पोचू शकते. श्रीपेरंबुदुरहून नागपूरला यायला ट्रेलरला काही दिवस लागतात. म्हणजे उत्पादन आणि नोंदणीत थोडं अंतर राहणारच. एक-दोन महिने कुणी मनावर घेऊ नयेत. पाच-सहा महिने ही वेगळी गोष्ट. तेवढा काळ उभी राहिलेली गाडी बॅटरी उतरवून बसते, एकाच जागी भार घेतलेले टायर चपटे पडतात, आणि बॉनेटखालच्या वायरी उंदरांना फार आवडतात.

मराठी माणूस गाडी पंचांग बघून घेतो आणि बाजार ती इंग्रजी कॅलेंडर बघून मोजतो, यातून साडेतीन मुहूर्तांचे भावही वेगवेगळे ठरतात. गुढीपाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो. पाडव्याला नोंदवलेल्या गाडीपुढे साल पालटायला आठ-नऊ महिने असतात. नोंदणीच्या हिशेबाने हा उत्तम मुहूर्त. मात्र पाडव्याला मिळणारी गाडी गेल्या नोव्हेंबर-डिसेंबरची असण्याची शक्यता मोठी, कारण वर्षअखेरीला न खपलेला माल तेव्हाच बाहेर पडतो. दसरा-दिवाळीचं नेमकं उलटं. तेव्हाची गाडी जवळपास नक्की त्याच वर्षी बनलेली, दोन्ही तारखा एका सालातल्या, भानगड नाही. पण २०२५ च्या दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, घेतलेली गाडी तीनच महिन्यांत ‘गेल्या वर्षीचं मॉडेल’ झाली. अक्षय्य तृतीया या दोहोंपेक्षा बरी म्हणायची: एप्रिल-मे येईतो आदल्या वर्षीचा साठा बराचसा ओसरलेला असतो आणि वर्ष संपायला अजून अवकाश असतो. डॉक्टर, कंत्राटदार, दुकानदार यांचं आणखी एक पंचांग आहे, आयकराचं. व्यवसायासाठी घेतलेली गाडी आर्थिक वर्षात १८० दिवस वापरात नसेल तर १५ टक्क्यांऐवजी साडेसात टक्केच घसारा मिळतो. म्हणून त्यांना ती साधारण ३ ऑक्टोबरच्या आत रस्त्यावर हवी असते. २०२५ च्या दसऱ्याला सीए आणि गुरुजी यांचं क्वचित होतं तसं एकमत झालं.

तारखेची खरी मेख मात्र सरकारी निर्णयांत असते. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण मानकाच्या गाड्यांची विक्री आणि नोंदणी बंद केली आणि पुढच्या दोन दिवसांत दुचाकींच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. बीएस-४ च्या वेळी न्यायालयाने मुदत बरीच आधी, ऑक्टोबर २०१८ मध्येच जाहीर केली होती: १ एप्रिल २०२०. पण त्या मार्चअखेरीला टाळेबंदी आली. आधी काही साठा विकायला परवानगी मिळाली, जुलैमध्ये ती मागे घेतली गेली, ऑगस्टमध्ये मार्चअखेरपूर्वी ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर नोंदलेल्या विक्रीला दिल्ली परिसर वगळून नोंदणीची मुभा मिळाली. गाडीचे पैसे भरून बसलेली माणसं तोवर एका तारखेच्या दोऱ्यावर लटकत होती. अशा मुदती जवळ आल्या की गाड्या डीलरच्या स्वतःच्या नावावर चढवून ठेवण्याचा मार्गही निघतो. पुढे ती कोरी गाडी घेणारा कागदावर दुसरा मालक ठरतो, आणि ‘सेकंड ओनर’ हा शिक्का सालापेक्षाही महाग पडतो. डेमो गाड्यांचंही तेच.

या मुदती नोंदणीवर होत्या. काही मुदती उत्पादनावर असतात आणि त्या ग्राहकाला जवळजवळ कधीच कळत नाहीत. चालू मॉडेलांत ड्रायव्हरशेजारच्या सीटसाठी एअरबॅग सक्तीची करताना कंपन्यांना ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत मुदत होती. त्याआधी बनलेल्या आणि २०२२ मध्ये नोंदवलेल्या स्वस्त गाडीत ती एअरबॅग नसू शकते. बीएस-६ चा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून बनणाऱ्या गाड्यांना लागू झाला. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालेल अशा गाड्याही कंपन्यांनी त्याच सुमारास बाजारात आणायला सुरुवात केली. पंपावर सर्रास ई-२० मिळू लागल्यावर जुन्या पेट्रोल गाडीचं गिऱ्हाईक आता हमखास विचारतं, “एप्रिल तेवीसच्या आधीची की नंतरची?” फेब्रुवारीत बनलेल्या आणि मेमध्ये पासिंग झालेल्या गाडीचा मालक प्रामाणिकपणे “नंतरची” म्हणतो आणि चुकतो.

२०२५ चं जीएसटीचं प्रकरण तर सर्वांच्या डोळ्यांसमोर घडलं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून करकपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेपासून, ते लागू झाले. छोट्या पेट्रोल मोटारीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता, तो एकूण १८ टक्क्यांवर आला. मोठ्या एसयूव्हीवर उपकरासकट ५० टक्क्यांपर्यंत जाणारा भार ४० वर आला. मूळ किंमत ५ लाख असलेली मोटार ६ लाख ४५ हजारांवरून ५ लाख ९० हजारांवर उतरली. मधले दोन आठवडे पितृपक्षाचे, त्यामुळे इथला ग्राहक तसाही थांबलेलाच होता. पूर्वजांनी त्याचे ५५ हजार वाचवले म्हणायचे. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात ज्यांची गाडी नोंदवली गेली त्यांचं नुकसान मात्र त्याच नवरात्रात झालं, गाडी न विकताच. नव्या गाडीची किंमत हे जुन्या गाडीच्या भावाचं छत असतं. छत ५५ हजारांनी खाली आलं की त्याखालची प्रत्येक गाडी थोडीथोडी वाकते.

अशा घटनांवर कुणाचा इलाज नाही आणि हे पत्र त्यासाठी आपल्याकडे दादही मागत नाही. जी तारीख आधीपासून ठाऊक आहे ती सांगा, इतकंच मागणं आहे.

गाडीचं वय उघड सांगणारे देश आहेत. ब्रिटनमध्ये ते नंबर प्लेटवरच असतं. १९६७ पासून तिथं दर ऑगस्टला सालाचं अक्षर बदलायचं, आणि नव्या अक्षरासाठी लोक इतके थांबून राहायचे की वर्षाची विक्री एका महिन्यात गोळा व्हायची. शेवटी १९९९ पासून बदल वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये करावा लागला. आयर्लंडने १९८७ पासून प्लेटवर सालाचे आकडे घातले आणि २०१३ पासून वर्षाचे दोन भाग केले, १३१ आणि १३२. सहा महिन्यांची पायरी केली की अकरा दिवसांच्या फरकाला वर्षाची शिक्षा होत नाही, हा त्यातला शहाणपणा. आपल्याकडेही एक प्लेट साल सांगते: सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली भारत मालिका. ‘२५ बीएच’ने सुरू होणारी गाडी पंचवीस साली नोंदवलेली, हे सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या स्कूटरवाल्यालाही कळतं. पण ते साल नोंदणीचं. उत्पादनाचं नाही.

राज्याची प्लेट बदला, असं इथं कुणी म्हणत नाही. मागणी फार लहान आहे. नव्या गाडीच्या कोटेशनवर आणि बुकिंगच्या पावतीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष ठळक छापलेलं असावं. बुकिंगच्या वेळी गाडी नेमून दिलेली नसेल, तर चॅसिस क्रमांक ठरल्याबरोबर, उरलेले पैसे घेण्यापूर्वी, ते लेखी कळवावं. ग्राहकाने त्यापुढे वेगळी सही करावी आणि तो कागद नमुना २० सोबत जोडला जावा. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात नोंदणी कोणत्या वर्षात हवी हेही ग्राहकाकडून लिहून घ्यावं. डीलरांना व्यवसाय प्रमाणपत्र आपलीच कार्यालयं देतात. ते देताना आणि त्याचं नूतनीकरण करताना ही अट घालता येईल. नोंदणीसाठी ग्राहकाचा मोबाइल क्रमांक घेतलेला असतोच. डीलरने अर्ज भरताच त्यावर उत्पादनाचा महिना कळवणारा एक एसएमएस गेला, तर अर्धं काम कागदाशिवाय होईल.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर तो कोणत्या महिन्यात भरला ते नियमाने छापावं लागतं. दहा लाखांच्या मोटारीच्या कोटेशनवर रंग, सनरूफ, फूटमॅट आणि फास्टॅगचे पैसे असतात, महिना नसतो.

डीलर म्हणतील, असं केलं तर जुना माल कोण घेणार? माल खपेल, फक्त रास्त भावात. सहा महिन्यांची गाडी ४० हजार कमी करून, कारण सांगून विकली, तर दहा वर्षं गाडी वापरणारा ती आनंदाने नेईल. आज तोच ४० हजारांचा फरक ‘दिवाळी ऑफर’ या नावाने दिला जातो आणि घेणाऱ्याला वाटतं, आपण बाजी मारली. कंपन्यांनाही याचा फायदाच आहे: महिनाअखेरीला डीलरच्या गळ्यात गाड्या मारण्याची किंमत उघड दिसू लागली, तर गाड्या कमी मारल्या जातील. राज्याच्या तिजोरीचं काही बिघडत नाही. एकरकमी कर गाडीच्या किमतीवर बसतो, महिन्यावर नाही.

ग्राहकांचाही दोष आहे, आणि तो इथं झाकायचं कारण नाही. टेस्ट ड्राइव्हला अख्खं कुटुंब येतं, रंगावरून तासभर वाद होतो, चॉइस नंबरसाठी लोक हजारो रुपये मोजतात. बॉनेट उघडून चॅसिस क्रमांकाची प्लेट वाचायला कुणी सांगत नाही आणि कुणी वाचतही नाही. सरकारी कागदावर तो रकाना ठळक छापलेला दिसला, की निदान विचारण्याची सवय लागेल.

एक सूचना वेळेबद्दल. असं परिपत्रक काढायचं ठरलं, तर ते नवरात्राच्या आधी निघावं. वर्षअखेरीच्या योजनांची हवा दिवाळी संपता संपता शोरूममध्ये सुरू होते, आणि त्यापूर्वी कोटेशनचे नमुने व डीलरांची सॉफ्टवेअर बदलायला महिनाभर तरी लागेल. पुणे आणि पिंपरी-चिंचवड इथून, म्हणजे एमएच १२ आणि एमएच १४ पासून सुरुवात केली, तरी चालण्यासारखं आहे. कारखाने जवळ, शोरूम पुष्कळ, आणि नियम पाळला जातोय की नाही ते तपासायला टायरवरचे चार आकडे पुरतील.

कळावे,
आपला,
एक वाहनधारक